डेल्फिनने बंद केलेली दारं

डेल्फिन तुस्कानोची जीभ तिखट आहे, हे गावात सगळ्यांना मान्य होतं. ती बहुतेक वेळा खरं बोलते, हे मान्य करणारे थोडे होते. शेजारच्या बॅप्टिस्टने वाडीचं कुंपण हातभर तिच्या बाजूला सरकवलं, तेव्हा ती त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात गेली आणि फादरांच्या पानासमोर उभी राहून तो हातभर किती ते दाखवून आली. कुंपण मागे गेलं. बॅप्टिस्टच्या घरचं बोलणं मात्र कायमचं बंद झालं, आणि डेल्फिनला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

विरारजवळच्या आगाशीच्या अलीकडे, केळी आणि पानवेलींच्या वाड्यांमध्ये तिचं घर होतं. बाप व्हॅलेरियन जन्मभर बागायत केलेला, मोजकं बोलणारा. आई लवकर गेलेली. डेल्फिनने बी.एस्सी. केलं, मुंबईच्या फोर्टातल्या एका जहाज कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात लागली आणि नव्वदचं सगळं दशक तिने तिथेच घालवलं. तिथे शेकडो माणसं एकाच मोठ्या मशीनवर एकाच वेळी काम करायची. कुणाला काय दिसावं, कुणाचा हात कुठवर पोचावा, हे ठरवण्याचं काम हळूहळू तिच्याकडे आलं. ते तिला मनापासून आवडायचं. माणसांवर तिचा विश्वास नव्हता, आणि या एका कामात तो नसलेला बरा असतो.

सव्विसाव्या वर्षी तिचं लग्न ठरून मोडलं. मोडलं मुलाकडच्यांनी. पण त्यानंतर ती कुणाशीही भांडली, की गाव त्या भांडणाचं मूळ त्या मोडलेल्या लग्नात शोधायचं.

पुढे कंपनीने मुंबईतलं कामकाज आवरलं आणि डेल्फिन घरी बसली. वय पस्तिशीपुढे, रोज बापाबरोबर पानवेली बांधायची, आणि रोज काहीतरी खटके उडायचे. तेव्हा सुधाकर चुरीने तिला बोलावलं.

सुधाकर आगाशी बाजारातला. आधी वह्या-पुस्तकं विकली, मग कॉम्प्युटर विकले, आणि २००२ च्या सुमाराला तो वेबसाइटच्या धंद्यात उतरला. बोळिंजला नव्या इमारतीखाली त्याचा गाळा होता. अमेरिकेतल्या एका कंपनीकडून त्याने एक सर्व्हर भाड्याने घेतला होता आणि त्यातली थोडीथोडी जागा तो इथल्या लोकांना वर्षाच्या बोलीवर देत असे. बिल्डर, कोचिंग क्लास, अर्नाळ्याकडची रिसॉर्टं, दोन शाळा, एक पतपेढी आणि गावोगावची मंडळं. एकाच सर्व्हरवर सगळ्यांची खाती. सर्व्हर सांभाळणारा मुलगा नोकरी सोडून गेला, म्हणून सुधाकरला डेल्फिन हवी होती.

पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं, की त्या सर्व्हरवर कुणाचंच काही झाकलेलं नाही. नियम साधा असतो. प्रत्येक खात्याचा आपला फोल्डर, आणि तो उघडण्याची परवानगी फक्त त्या खात्याला. पण आधीच्या मुलाने कटकट नको म्हणून सगळे फोल्डर सगळ्यांना खुले ठेवले होते. रिसॉर्टवाल्याच्या माणसाने ठरवलं असतं, तर पतपेढीच्या फायली त्याला आरामात वाचता आल्या असत्या. भरीला मुख्य पासवर्ड ऑफिसातल्या सगळ्यांना आणि बाहेरच्याही काहींना ठाऊक होता. तो होता सुधाकरच्या मुलीचं नाव, ज्ञानदा.

ती सुधाकरसमोर जाऊन बसली आणि हे सगळं बंद करावं लागेल म्हणाली. बंद करताना काही साइट मोडतील, कारण या मोकळेपणावरच त्या उभ्या केल्या आहेत; त्या एकेक करून दुरुस्त कराव्या लागतील.

सुधाकर हसला. "मॅडम, अमेरिकेतल्या मशीनमध्ये आगाशीचा चोर कशाला शिरेल?"

"आगाशीच्या चोराला तुम्हीच आत जागा दिलीय," ती म्हणाली.

हे त्याला झोंबलं. सुट्ट्यांचा सीझन तोंडावर आहे, रिसॉर्टवाल्यांची बुकिंगं चालू आहेत, सीझननंतर बघू, असं म्हणून त्याने विषय मिटवला. डेल्फिनने मुख्य पासवर्ड तेवढा बदलला आणि कुणालाही दिला नाही. त्यावरूनही ऑफिसात आठवडाभर धुसफूस चालली.

त्याच सर्व्हरवर तिच्या स्वतःच्या गावचं एक खातं होतं. कॅथरिन टीचरचं वधू-वर मंडळ. टीचर शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावात तिला अजून सगळे टीचरच म्हणायचे, तिच्या वयाचेसुद्धा. तिने जुळवलेली लग्नं वसईभर नांदत होती. मंडळाची साइट तिचा भाचा एरॉल याने करून दिली होती आणि खातं टीचरच्या हाती सोपवलं होतं. एरॉल तिशीचा, देखणा, चर्चच्या गायनमंडळातला. दर रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, बायबलचं पहिलं वाचन तोच करायचा. आवाज असा, की म्हाताऱ्या बायका डोळे मिटून ऐकायच्या. तो चार-पाच दुकानदारांच्याही साइट सांभाळायचा, म्हणून सुधाकरकडे त्याची स्वतःची खाती होती.

मंडळाच्या साइटवर मुलींचे फोटो आणि शिक्षण सगळ्यांना दिसे. पत्ता, फोन, पगार, ऑफिस, हे टीचरच्या परवानगीशिवाय दिसत नसे. निदान मुलींना तसं सांगितलं होतं. खरं तर ही सगळी माहिती एका फायलीत साठलेली होती आणि सर्व्हरवर खातं असलेल्या कुणालाही ती फाइल उघडता येत होती.

नाताळ आटोपला आणि मुलींच्या घरी फोन यायला लागले.

बोलणारा पुरुष हिंदीत बोलायचा. फोन दर वेळी कुठल्यातरी पीसीओवरून. मुलीचं नाव घ्यायचा, तिच्या ऑफिसचं नाव सांगायचा, ती घरातून किती वाजता निघत असेल याचा हिशेब करून दाखवायचा, आणि मग घाण बोलायचा. मुली फोन आपटायच्या, घरी काही सांगायच्या नाहीत. पण एलिना डाबरेच्या घरी फोन तिच्या वडिलांनी उचलला. एलिना बोरिवलीला बँकेत होती, पलीकडच्या पॅरिशमधल्या, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीतल्या मुलाशी तिचं बोलणं चाललं होतं. वडिलांनी संतापाच्या भरात दोन ठिकाणी तोंड उघडलं, गोष्ट फिरत मुलाकडे पोचली, आणि त्या लोकांनी काहीएक कारण न देता बोलणं थांबवलं. मग बाकीच्या घरांतूनही तोंडं उघडली. सगळ्यांत एक धागा सापडला: सगळ्या मुलींनी टीचरच्या मंडळात नाव नोंदवलं होतं.

पोलिसांत जायला एकही बाप तयार नव्हता. पोरीचं नाव चौकीत लिहून यायचं आणि मग तिला स्थळ बघायचं, हे कसं जमावं? त्याऐवजी सगळे टीचरच्या ओसरीवर जमले आणि डेल्फिनला बोलावून घेतलं.

ती गेली. बसायला कुणी सांगितलं नाही, म्हणून उभीच राहिली. किल्ली कुणाकडे असते, असा प्रश्न झाला. तिने सांगितलं, मुख्य पासवर्ड माझ्याकडे आहे, पण ती फाइल वाचायला त्याची गरजच नाही, सर्व्हर सगळ्यांना खुला पडलाय, मालकाला मी सांगून थकले. हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तिथे कुणी नव्हतं. एकजण म्हणाला, किल्ली हिची, कुलूप हिचं, आणि चोरी मात्र दुसऱ्याची. फोनवर पुरुष बोलतो, असं कुणीतरी आठवण करून दिली. त्यावर बॅप्टिस्टची बायको म्हणाली, बोलायला पुरुष ठेवता येतो, नंबर पुरवणारी बाईच असेल. आणि मग ती ते वाक्य बोलली, जे बाकीच्यांच्या मनात होतं. स्वतःचं जुळलं नाही, की दुसऱ्यांचं जुळताना बघवत नाही.

टीचरने तिला थांबवलं नाही.

"तुमच्या मुलीचा फोटो मी बघितलाय," डेल्फिन बॅप्टिस्टच्या बायकोला म्हणाली. "तो साइटवर असताना नंबर चोरून काय उपयोग? तिला फोन कोण करणार?"

हे बोलायला नको होतं. ती मुलगी तिथेच, दाराआड उभी होती. डेल्फिनला ती निघताना दिसली. पण माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि त्या दिवशी तर नव्हतंच. लोक उठून अंगावर आले. एरॉल मध्ये पडला, सगळ्यांना शांत केलं, आणि तिला फाटकापर्यंत पोचवायला आला. मनावर घेऊ नका, डेल्फिनबाय, म्हणाला, माणसं घाबरलीत. महिन्याभरात तिच्याशी नीट बोललेला तो पहिला माणूस होता. घरी जाईपर्यंत तिला त्याचं बरं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने विरारला जाऊन एक नवं प्रीपेड कार्ड घेतलं. ऑफिसात बसून तिने ती मंडळाची फाइल उघडली आणि शेवटी एक मुलगी वाढवली. ज्युलियाना नाव, वसईच्या दुसऱ्या टोकाचं गाव, अंधेरीतलं एक ऑफिस जे अस्तित्वातच नव्हतं, आणि हा नवा नंबर. साइटवर ती मुलगी दिसत नव्हती. टीचरला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं. ज्युलियाना फक्त त्या फायलीत होती, म्हणजे तिला फोन करील तो ती फाइल उघडून वाचणाराच असणार, आणि सर्व्हरवर खातं असल्याशिवाय ती उघडता येत नव्हती.

फोन आला तेव्हा ती घरी मागच्या पडवीत पानांच्या चळती लावत बसली होती. दुपारची वेळ. बाप आत आडवा झाला होता. तिने कानाला फोन लावला आणि बारीक आवाजात हॅलो म्हटलं.

त्याने हिंदीत विचारलं, ज्युलियाना का? मग त्या नसलेल्या ऑफिसचं नाव घेतलं. तिथला साहेब तिला रोज उशिरापर्यंत का थांबवून घेतो, असं विचारलं. आवाज दाबलेला होता, मुद्दाम घोगरा केलेला. डेल्फिनने त्याला बोलू दिलं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, की दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायची त्याची लकब आपल्या ओळखीची आहे. तो पुढच्या घाणीकडे वळणार, इतक्यात तिने आवाज बदलला. घरच्या बोलीत, आईने पोराला ओरडून विचारावं तसं, तिने विचारलं, जेवलास का रे?

आणि पलीकडून घरच्याच बोलीत उत्तर निसटलं. अजून नाही.

ही बोली आठ-दहा गावांची आहे, आणि दर गावाला तिची चाल थोडी बदलते. हे 'अजून नाही' त्यांच्या गावचं होतं. आवाज आता घोगरा नव्हता. दर रविवारी पहिलं वाचन संपवून 'प्रभूचा शब्द' म्हणणारा तो आवाज होता.

मग त्याने फोन ठेवला.

पहिल्यांदा डेल्फिनला राग आला तो स्वतःचा. फाटकापाशी त्याने चार गोड शब्द बोलावेत आणि आपण ते घरापर्यंत उराशी धरून यावेत, याचा. मग तिने चळत बाजूला ठेवली, साडी सारखी केली आणि थेट टीचरकडे गेली.

कॅथरिन टीचर ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होती. डेल्फिनने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. खोटी मुलगी, नवा नंबर, बोलीतलं उत्तर, आवाज. टीचरचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर ती म्हणाली, आवाज म्हणजे पुरावा होत नाही. डेल्फिन म्हणाली, त्याला बोलवा, माझ्यासमोर विचारा, त्याचं तोंड बघा म्हणजे पुरावा मिळेल. टीचर उठली, सूप उचललं, आणि आत जाता जाता दारात थांबली.

"समजा तू म्हणतेस तसं असलं," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याचं लग्न व्हायचंय, डेल्फिन. तुझं आता काय बिघडायचं राहिलंय?"

"आणि त्या मुलींची लग्नं व्हायची नाहीत?"

टीचरने दार लावून घेतलं.

म्हणजे तिला पटलं होतं. रस्त्यावर आल्यावर डेल्फिनला हे उमजलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पटलं नसतं, तर टीचर शाळेतल्यासारखी ओरडली असती.

त्या रविवारी डेल्फिन मिस्साला गेली नाही. सगळं गाव चर्चच्या वाटेने जात असताना ती उलट्या दिशेने बोळिंजच्या बसला लागली, आणि हे बऱ्याच जणांनी पाहून ठेवलं. गाळा उघडून ती एकटी बसली आणि तिने सर्व्हरचं काम हातात घेतलं.

आधी तिने सगळ्याची एक प्रत काढून ठेवली. मग बाहेरून थेट मुख्य खात्याने आत येण्याची सोय बंद केली. पासवर्ड उघड्यावरून पाठवणारी जुनी लॉगिनची पद्धत बंद केली आणि तिच्या जागी झाकून पाठवणारी लावली. सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांची खाती पुसून टाकली. राहिलेल्या प्रत्येक खात्याचा फोल्डर फक्त त्याच्या धन्यापुरता केला. सगळ्यांचे प्रोग्रॅम आजवर एकाच सामाईक नावाने चालायचे, त्यामुळे एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या घरात जाऊन वाचू शकत असे. ते तिने वेगळे केले. ज्याचा प्रोग्रॅम, त्याच्याच नावाने चालेल, आणि त्याच्याच फोल्डरपुरता. मंडळाची फाइल तिने साइटच्या फोल्डरातून काढून आत, जिथे वेबवरून कुणाचा हात पोचत नाही अशा ठिकाणी ठेवली. शेवटी सगळ्यांचे पासवर्ड बदलले. एरॉलच्या खात्यातून ती फाइल उघडून पाहिली. परवानगी नाही, असं उत्तर आलं. तिने ते दोनदा करून पाहिलं. त्या सगळ्या महिन्यात तिला झालेला तेवढाच एक आनंद.

अपेक्षेप्रमाणे सकाळी फोन वाजू लागले. रिसॉर्टच्या बुकिंगचा फॉर्म जात नव्हता. बिल्डरच्या साइटवरचे फ्लॅटचे नकाशे गायब झाले होते. कोचिंग क्लासवाल्याने तिला फोनवर आईवरून शिवी दिली. तिने त्याला बापावरून परत केली. मागे सांगितल्याप्रमाणे ती एकेक मोडलेली साइट दुरुस्त करायला बसली होती. तितक्यात सुधाकर आला. एरवी तो तिला मॅडम म्हणायचा.

"कुणाला विचारून केलंस हे?"

"तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही सीझननंतर म्हणालात."

"मग सीझन संपला का?"

तिने त्याला मुलींना येणाऱ्या फोनचं सांगितलं. नंबर कुठून गेले ते सांगितलं. एरॉलचं नावही सांगितलं. सुधाकर ऐकता ऐकता आधी पांढरा पडला आणि मग भडकला. हे बाहेर फुटलं तर त्याच्याकडे एक गिऱ्हाईक टिकणार नव्हतं, आणि एरॉल तर नवी गिऱ्हाइकं आणून देणारा माणूस. त्याने सांगितलं, हे सगळं होतं तसं परत कर, आणि हे जे बोललीस ते परत कुठे बोलू नकोस.

"नाही करणार," ती म्हणाली.

"मशीन माझी आहे."

"मशीन तुमची. त्यात ठेवलेल्या पोरींची नावं तुमची नाहीत."

त्याने तिला पासवर्ड मागितला. तिच्या मनात आलं, नाही द्यायचा. नवा पासवर्ड मागायला अमेरिकेला फॅक्स करत बसेल, चार दिवस तडफडेल, तडफडू दे. तो विचार तिला फार गोड वाटला. पण ज्याची मशीन त्याची किल्ली अडवून ठेवायची, तर आपण त्या एरॉलहून किती वेगळे, असंही तिच्या मनात आलं, आणि ती चिडून उठली. तिने त्याला पासवर्ड एकेक अक्षर मोठ्याने सांगितला, त्याने लिहून घेईपर्यंत थांबली, आणि पर्स उचलली.

"उघडायचं तर आता तुमच्या हाताने उघडा," ती म्हणाली. "पुढचा फोन कुठल्या घरी गेला, ते मी तुम्हाला येऊन सांगेन."

सुधाकरने ते उघडलं नाही. तिच्या जागी विरारचा जितेंद्र नावाचा पोरगा आला. त्याने बघून सांगितलं, शेठ, हे असंच राहू दे, मोडलेलं मी नीट करतो. पंधरवड्यात साइट चालू झाल्या. दिवाळीत सुधाकरने गाळ्यावर नवी पाटी लावली. तिच्यावर ठळक अक्षरांत 'संपूर्ण सुरक्षित' असं होतं. डेल्फिन बसमधून जाताना ती पाटी वाचायची आणि कंडक्टरला ऐकू जाईल एवढ्याने काहीतरी पुटपुटायची.

पण या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढे घडली. मुलींना येणारे फोन थांबले.

ते थांबणारच होते. फाइल बंद झाली होती, आणि एरॉल घाबरलाही असणार. पण गावाला दिसलं ते एवढंच, की सुधाकरने डेल्फिनला काढलं आणि त्याच आठवड्यापासून फोन बंद झाले. आणखी काय पुरावा हवा? रविवारी मिस्सा बुडवून ती ऑफिसात काय करत होती, याचंही उत्तर लोकांना मिळालं: मागचं पुसत होती. बाजारात मासळीवाली तिच्याकडे बघेना. व्हॅलेरियनची पानं घेणारा दलाल दुसऱ्या वाडीवर गेला. एकदा संध्याकाळी म्हाताऱ्याने तिला विचारलं, तू केलंस का गं? ती नाही म्हणाली. त्याने मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्याने विचारलं, हे ती विसरली नाही.

तिने कुणाला समजवायला जाणं सोडून दिलं. मात्र एक गोष्ट केली. पुढच्या रविवारपासून ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर, वाचनाच्या स्टँडसमोर बसू लागली. एरॉल वाचायला उभा राहिला, की ती त्याच्या तोंडाकडे बघायची. बोलायची नाही, हसायची नाही, नजर खाली करायची नाही. पहिल्या रविवारी तो दोनदा अडखळला. नंतर तो पुस्तकातून डोळे वर काढेनासा झाला. म्हाताऱ्या बायका म्हणू लागल्या, की आता ही त्या पोराच्या मागे लागलीय, हिला लाज उरली नाही. तिच्या कानावर आलं. ती आणखी लवकर जाऊन बाक धरू लागली. फादरांनी तिला एकदा बोलावून विचारलं, काही मनात आहे का? ती म्हणाली, माझ्या मनात काही नाही, ज्याच्या मनात आहे त्याला कबुलीजबाबाला बोलवा.

त्या वर्षाच्या शेवटी एरॉलने वाचन सोडलं, आणि पुढच्या ईस्टरआधी तो मस्कतला नोकरीला गेला. त्याचं ठरत आलेलं लग्न लांबलं आणि मग मोडलं. कॅथरिन टीचरने मंडळ बंद केलं. डेल्फिनने माझ्या भाच्याला गावातून घालवलं, असं ती जन्मभर सांगत राहिली. इतकी वर्षं तिने केलेल्या आरोपांपैकी हा एकच खरा होता.

डेल्फिनला नवी मुंबईत महापेला मोठ्या सर्व्हरांच्या कंपनीत नोकरी लागली. पगार चांगला, शिफ्ट लांबलचक. तिथेही तिचं कुणाशी फार पटलं नाही, पण तिथे लोक तिला घाबरून वागत आणि तिला ते चालत असे. २००८ साली व्हॅलेरियन गेला. दफनाला माणसं आली, कारण म्हाताऱ्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. घरी मात्र कुणी थांबलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी एलिना आली. तिचं पुढे नालासोपाऱ्याला लग्न झालं होतं, कडेवर पोर होतं. डेल्फिनने तिला पडवीत बसायला सांगितलं. एलिनाने म्हाताऱ्याबद्दल चार शब्द बोलून घेतले, पोराला खाली सोडलं, आणि मग म्हणाली, "ते फोन तुम्ही करवले नव्हते, हे मला तेव्हाच माहीत होतं."

डेल्फिनने तिच्याकडे पाहिलं.

"पप्पांनी उचलला त्याच्या आधी मला दोनदा आले होते. मी गायनमंडळात होते, डेल्फिनबाय. त्याच्या शेजारी उभी राहायचे. मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं."

"मग त्या दिवशी टीचरच्या ओसरीवर तू होतीस."

"होते."

"आणि गप्प बसलीस."

एलिना रडू लागली. माझी मोठी बहीण एरॉलच्याच घरात दिली होती, म्हणाली. मी नाव घेतलं असतं, तर तिला तिथे राहणं कठीण झालं असतं. आणि मला विचारलं असतं, तुलाच कसा आवाज ओळखू आला, तुमचं आधी काही होतं का. मी बावीस-तेवीस वर्षांची होते. आता मला ते सहन होत नाही. तुम्ही म्हणाल त्याला मी सांगते, फादरांना सांगते, टीचरला तोंडावर सांगते.

ते पोर पानांच्या टोपलीत हात घालत होतं. डेल्फिनने टोपली उचलून वर ठेवली. तिला वाटलं होतं, की हे वाक्य कुणी येऊन बोललं तर आपल्याला हलकं वाटेल. कितीतरी वर्षं तिने ते मनात ऐकलं होतं. प्रत्यक्षात तिला फक्त ती ओसरी आठवली, सगळे चेहरे, आणि त्यात कुठेतरी मागे, भिंतीला टेकून उभी असलेली ही मुलगी.

"माझ्या बापाने मरेपर्यंत ते मनात ठेवलं," ती म्हणाली. "त्याला सांगायला तू एक आठवडा आधी आली असतीस तर चाललं असतं. मला आता गरज नाही. तुला असेल तर सांग."

एलिना पोराला उचलून गेली. डेल्फिनने तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, हे तिला नंतर आठवलं. आठवलं, पण तिला वाईट वाटलं नाही. ती कपडे बदलून संध्याकाळच्या शिफ्टला निघून गेली.

एलिनाने पुढे कुणाला सांगितलं की नाही, ते डेल्फिनला कधी कळलं नाही. गावातली एखादी बातमी घेऊन तिच्या पडवीत येईल, असं तेव्हा कुणी उरलं नव्हतं.